फिलिस श्लाफ्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पुराणमतवादी चळवळीचा विषय निघाला की एका बाईंबद्दल हमखास प्रश्न येतात. कुणाला त्यांचा राग असतो, कुणाला कौतुक. पण त्या जिंकल्या कशा, हे नीट ठाऊक असणारे थोडेच. म्हणून प्रश्न क्रमाने लावले आहेत: आधी साधे, मग किचकट. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिलिस श्लाफ्ली कोण होत्या? थोडक्यात सांगा.

जन्म १५ ऑगस्ट १९२४, सेंट लुईस, मिझूरी. मृत्यू ५ सप्टेंबर २०१६, वय ९२. रिपब्लिकन पक्षाच्या कार्यकर्त्या, लेखिका, संघटक, पुढे वकील. स्त्री-पुरुष समानतेचं कलम अमेरिकी राज्यघटनेत घालणारी ‘समान हक्क घटनादुरुस्ती’ (तिथे सगळे तिला ‘ईआरए’ म्हणतात) मंजुरीच्या उंबरठ्यावर होती. ती दहा वर्षं झुंजून रोखून धरणाऱ्या मोहिमेच्या त्या प्रमुख. निवडणुकीतून मिळणारं कुठलंही सरकारी पद त्यांनी कधी भूषवलं नाही.

२. आडनावाचा उच्चार काय? ‘श्लॅफ्ली’ की ‘श्लाफ्ली’?

दोन्ही चालतात, मराठीत ‘श्लाफ्ली’ रुळलं आहे. हे सासरचं नाव. माहेरचं नाव फिलिस मॅकअल्पिन स्टुअर्ट.

३. त्या श्रीमंत घरातल्या होत्या ना? म्हणून राजकारणाला वेळ मिळाला?

लग्नानंतर परिस्थिती चांगली होती, हे खरं. यजमान फ्रेड श्लाफ्ली इलिनॉयमधल्या ऑल्टन गावचे वकील. लग्न १९४९ चं, आणि ते बाईंपेक्षा १५ वर्षांनी मोठे. माहेरची गोष्ट मात्र वेगळी. महामंदीत वडिलांची नोकरी गेली आणि घर आईच्या पगारावर चाललं. ती सेंट लुईसच्या कलासंग्रहालयात ग्रंथपाल होती. म्हणजे ‘कमावता पुरुष आणि घर सांभाळणारी स्त्री’ हे ज्या चित्राचं त्यांनी जन्मभर समर्थन केलं, ते त्यांच्या स्वतःच्या बालपणी मोडलेलं होतं. त्यांना समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवावं लागतं.

कॉलेजचा खर्चही त्यांनी स्वतःच भागवला. दुसरं महायुद्ध चालू होतं. सेंट लुईसच्या दारूगोळा कारखान्यात आठवड्याला ४८ तास, बहुतेक रात्रपाळी. काम काय, तर तयार झालेल्या काडतुसांची चाचणी: रायफल आणि मशीनगनमधून गोळ्या झाडून बघायच्या आणि निकाल नोंदवायचा. पाळी संपली की सकाळी वॉशिंग्टन विद्यापीठात वर्गाला हजर (हे विद्यापीठ सेंट लुईसमधलंच, राजधानीतलं नव्हे, इथे पुष्कळांचा घोटाळा होतो). १९४४ मध्ये पदवी, १९४५ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून राज्यशास्त्रात एम.ए.

४. त्यांनी एखादी निवडणूक जिंकली का?

लोकप्रतिनिधी म्हणून, नाही. १९५२ मध्ये इलिनॉयमधून पक्षाची उमेदवारी मिळवली, पण डेमोक्रॅट मेल्विन प्राइस यांच्याकडून हरल्या. १९७० मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा जॉर्ज शिपली जिंकले. या दुसऱ्या निवडणुकीत ‘सहा मुलांच्या आईने घरी बसावं’ असा सूर प्रतिस्पर्ध्याने लावला होता. त्यावर बाईंचं उत्तर असं की बाईची जागा ‘हाउस’मध्येच आहे, म्हणजे अमेरिकी प्रतिनिधिगृहात.

तिसरा पराभव पक्षांतर्गत होता आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. १९६७ मध्ये रिपब्लिकन महिलांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षपदासाठी त्या लढल्या. पक्षातल्या मवाळ गटाने ग्लॅडिस ओडॉनेल यांना पुढे केलं आणि बाई हरल्या. पण हरताना त्यांच्या बाजूला देशभरच्या हजारो कार्यकर्त्या बायका उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचे पत्ते बाईंकडे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी या बायकांसाठी ‘फिलिस श्लाफ्ली रिपोर्ट’ नावाचं चार पानी मासिक पत्रक सुरू केलं. पाच वर्षांनी ईआरएविरुद्ध जी फौज उभी राहिली तिची मुळं या यादीत आहेत.

५. ईआरएच्या आधी त्यांना कोणी ओळखत होतं का?

चांगलंच. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षात पुराणमतवादी बॅरी गोल्डवॉटर विरुद्ध मवाळ नेल्सन रॉकफेलर अशी लढत होती. बाईंनी ‘पडसाद नव्हे, पर्याय’ अशा अर्थाच्या नावाचं छोटं पुस्तक लिहून ऑल्टनहून स्वतःच छापलं. किंमत ७५ सेंट. मुद्दा एकच: पूर्व किनाऱ्यावरचा धनिक गट दर वेळी पक्षावर आपला मवाळ उमेदवार लादतो आणि पक्ष हरतो. कार्यकर्त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेऊन घरोघर वाटले. लाखो प्रती खपल्या. कॅलिफोर्नियाची प्राथमिक फेरी गोल्डवॉटरनी थोडक्यात जिंकली, त्यात या पुस्तकाचा हात होता असं अनेक अभ्यासक मानतात. नोव्हेंबरात गोल्डवॉटर मात्र साफ आपटले, ५० पैकी ६ राज्यं मिळाली.

साम्यवाद आणि अण्वस्त्रं हा त्यांचा खरा आवडता विषय. निवृत्त नौदल अधिकारी चेस्टर वॉर्ड यांच्याबरोबर त्यांनी संरक्षण धोरणावर जाडजूड पुस्तकं लिहिली. ‘स्त्रियांचे प्रश्न’ हे क्षेत्र त्यांनी निवडलेलं नव्हतं, ते १९७१-७२ मध्ये समोर आलं.

६. ईआरए म्हणजे नेमकं काय होतं?

मुख्य कलम एका वाक्याचं: कायद्याने मिळणारे समान हक्क लिंगाच्या कारणावरून केंद्र वा कुठलंही राज्य नाकारणार नाही, त्यात काटछाट करणार नाही. दुसऱ्या कलमाने अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला होता. तिसरं कलम दुरुस्ती मंजुरीनंतर दोन वर्षांनी लागू होईल असं सांगणारं.

कल्पना जुनी. स्त्री-मताधिकार चळवळीतल्या अ‍ॅलिस पॉल यांनी १९२३ मध्येच मांडलेली. कित्येक दशकं तिला कामगार संघटना आणि एलेनॉर रूझवेल्ट यांच्यासारख्या उदारमतवाद्यांचाच विरोध होता, कारण स्त्री-कामगारांना संरक्षण देणारे कायदे तिने रद्द होतील ही भीती. रिपब्लिकन पक्षाने मात्र १९४० पासून तिला पाठिंबा दिलेला. आजचं चित्र डोक्यात ठेवून हा इतिहास वाचला की इथे गोंधळ होतो.

सिनेटने २२ मार्च १९७२ रोजी ८४ विरुद्ध ८ मतांनी दुरुस्ती मंजूर केली. राज्यांच्या मंजुरीसाठी मुदत सात वर्षांची.

७. संसदेत एवढं प्रचंड बहुमत असताना ती अडली कशी?

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून गणित नीट मांडतो.

अमेरिकी घटना बदलायला तीन-चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागते. ५० राज्यांचे तीन-चतुर्थांश साडेसदतीस, म्हणजे ३८. उलट बाजूने बघा: १३ राज्यं अडून राहिली की संपलं. आता एकेका राज्यात उतरा. बहुतेक राज्यांच्या विधिमंडळात दोन सभागृहं असतात, फक्त नेब्रास्कात एक. देशात मिळून ९९ सभागृहं. मंजुरीसाठी राज्यातल्या दोन्ही सभागृहांचा होकार हवा, अडवायला एकाचा नकार पुरतो. म्हणजे समर्थकांना ३८ राज्यांतली पंचाहत्तर-शहात्तर सभागृहं जिंकायची होती. श्लाफ्लीबाईंना वेगवेगळ्या राज्यांतली तेरा पुरेशी होती.

सुरुवातीला वाटत होतं की वर्षभरात उरकेल. हवाईने सिनेटच्या मतदानादिवशीच मंजुरी दिली. १९७२ अखेर २२ राज्यं, १९७३ अखेर ३०, १९७४ मध्ये ३३, १९७५ मध्ये ३४. जानेवारी १९७७ मध्ये इंडियाना हे ३५ वं राज्य. तिथे गाडी थांबली.

समर्थकांचं लक्ष वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, दूरदर्शन आणि मोठी वृत्तपत्रं यांच्यावर होतं. बाईंचं लक्ष स्प्रिंगफील्ड (इलिनॉय), तलाहासी (फ्लोरिडा), रॉली (नॉर्थ कॅरोलायना) असल्या राज्यांच्या राजधान्यांवर, आणि तिथल्या काठावरच्या पाच-दहा आमदारांवर.

८. त्यांचे आक्षेप काय होते? त्यांत तथ्य होतं का?

एकेक घेऊ, कारण सगळे एकाच वजनाचे नाहीत.

सक्तीची लष्करभरती. हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. लिंगावरून भेद करायचाच नाही तर भरतीची सक्ती मुलींनाही लागू होणार. समर्थक वकिलांनी १९७१ मध्ये येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात हे स्पष्ट कबूल केलं होतं आणि बाई तो लेख हातात धरून वाचून दाखवायच्या. स्त्रियांना यातून वगळणारी सूचना सिनेटर सॅम एर्विन यांनी मांडली होती, ती सिनेटने फेटाळली. त्यामुळे ‘असं काही होणार नाही’ हे उत्तर समर्थकांना देता येईना.

नवऱ्याने बायकोला पोसण्याचं बंधन. सभांमध्ये हा मुद्दा सगळ्यात चालायचा, पण कायद्याच्या कसोटीवर तो सगळ्यात कच्चा. संसार चालू असताना न्यायालयं यात पडतच नसत. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये मॅग्वायर खटल्यात असंच ठरवलं होतं: नवरा-बायको एका छपराखाली राहतात तोवर किती खर्च करायचा हे न्यायालय सांगणार नाही. शिवाय विनादोष घटस्फोटाचे (जोडीदाराचा दोष सिद्ध न करता मिळणाऱ्या घटस्फोटाचे) कायदे ईआरएविनाच येऊ लागले होते. तरीही या मुद्द्यामागची भीती खरी होती. वीस वर्षं संसार करून हातात ना नोकरी ना अनुभव, अशा बाईला तो कायदा कागदावर का होईना आधार वाटे.

गर्भपात आणि समलिंगी विवाह. ईआरएने दोन्हींना मोकळीक मिळेल, हा आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य केल्यावर या मुद्द्याला धार आली. समर्थक म्हणत की ईआरएचा याच्याशी संबंध नाही.

दुसरं कलम. राज्यांचे कौटुंबिक कायदे केंद्राच्या हाती जातील, हा आक्षेप. दक्षिणेकडच्या आमदारांना यापलीकडे काही सांगावं लागत नसे.

स्त्री-पुरुषांची स्वच्छतागृहं एकच होतील, हा मुद्दा सगळ्यात जास्त गाजला, पण एकान्ताचा हक्क न्यायालयांनी वेगळा मानला असल्यामुळे त्यात फारसं बळ नव्हतं.

९. मोहीम प्रत्यक्षात कशी चालायची?

फेब्रुवारी १९७२ च्या रिपोर्टमध्ये बाईंनी ईआरएविरुद्ध पहिला लेख लिहिला. ओक्लाहोमातल्या बायकांनी तो आमदारांना वाटला आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या प्रतिनिधिगृहाने दुरुस्ती फेटाळली. चार पानं असं काम करतात हे बघून त्याच वर्षी ‘स्टॉप ईआरए’ संघटना उभी राहिली. खूण होती रस्त्यावरच्या ‘थांबा’ पाटीसारखी लाल अष्टकोनी.

पद्धत साधी होती. दर राज्यात एक प्रमुख, तिच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत बायका. फोनची साखळी: एकीने ठरलेल्या चार-पाच जणींना कळवायचं, त्यांनी पुढच्यांना. समितीत मतदान लागलं की दुसऱ्या दिवशी राजधानीत बसगाड्या हजर. दर वर्षी सेंट लुईस परिसरात शिबिर. तिथे समितीपुढे साक्ष कशी द्यायची, कॅमेऱ्यासमोर कुठले कपडे घालायचे, चिडवणारा प्रश्न आला तर हसून उत्तर कसं द्यायचं, याची रंगीत तालीम. आवाज चढवायचा नाही, हा पक्का नियम.

स्प्रिंगफील्डला जाताना बायका घरी भाजलेले पाव, जॅमच्या बाटल्या घेऊन जात आणि त्यावर ‘घर सांभाळणाऱ्यांकडून घर चालवणाऱ्यांना’ अशा अर्थाची चिठ्ठी लावून आमदारांच्या टेबलावर ठेवत. हे बावळटपणाचं वाटेल, पण आमदार ते लक्षात ठेवत. आपल्या मतदारसंघातली बाई स्वतः दारात आली आहे, हे त्यांना पुरेसं बोलायचं.

धर्माच्या भिंतीही त्यांनी पाडल्या. स्वतः कॅथलिक, पण इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट, मॉर्मन आणि सनातनी ज्यू बायका त्यांनी एका बसमध्ये बसवल्या. त्या काळात हे गट एकमेकांशी धड बोलतही नसत. १९७५ मध्ये याच जाळ्यातून ‘ईगल फोरम’ ही कायमची संघटना झाली.

१०. मग एकट्या बाईने ईआरए पाडली हे म्हणणं बरोबर आहे का?

नाही. बाईंशिवाय ती पडली नसती असं म्हणता येईल, पण एवढ्यावर थांबलं तर बाकीची कारणं झाकली जातात. दक्षिणेतल्या राज्यांत केंद्राविषयीचा जुना संशय होता. मॉर्मन चर्चने १९७६ पासून उघड विरोध केला. १९७३ नंतर गर्भपाताच्या वादाने हवा बदलली. आणि समर्थकांनी उशीर केला: राज्यपातळीवर पक्की संघटना बांधायला त्यांनी सुरुवात केली तोवर सोपी राज्यं संपून अवघड उरली होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये ह्यूस्टनला सरकारी पैशातून राष्ट्रीय महिला परिषद झाली. तिथे ईआरएबरोबर गर्भपात आणि समलिंगी हक्कांचे ठराव झाले आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला विरोधकांचा हजारोंचा मेळावा भरला होता, बाई त्यात बोलल्या.

११. इलिनॉय तर उत्तरेतलं औद्योगिक राज्य. ते का अडलं?

दोन कारणं. एक, ते बाईंचं घरचं मैदान. दुसरं, नियम. बहुतेक राज्यांत साधं बहुमत पुरायचं. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेनुसार मात्र केंद्रीय घटनादुरुस्तीला तीन-पंचमांश मतं लागत. १७७ सदस्यांच्या सभागृहात १०७. त्यामुळे बहुमत असूनही दुरुस्ती पडत राहिली. जून १९८२ च्या शेवटच्या प्रयत्नात १०३ विरुद्ध ७२, चार मतं कमी. त्या दिवसांत समर्थक स्त्रियांचा एक गट स्प्रिंगफील्डमध्ये ३७ दिवस उपोषणाला बसला होता. त्यांची तळमळ पाहून आजही गलबलतं, मतं मात्र फिरली नाहीत.

१२. काही राज्यांनी मंजुरी मागे घेतली होती म्हणे. ते चालतं का?

नेब्रास्का, टेनेसी, आयडाहो, केंटकी यांनी मागे घेतली. साउथ डकोटाने मूळ मुदत संपताच आपली मंजुरी संपेल असं ठरवलं. दरम्यान काँग्रेसने १९७८ मध्ये मुदत ३० जून १९८२ पर्यंत वाढवली. एका संघराज्यीय न्यायाधीशाने डिसेंबर १९८१ मध्ये निकाल दिला: मंजुरी मागे घेता येते आणि मुदतवाढ अवैध. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि पुढे मुदतच संपल्यामुळे वाद निरर्थक ठरवून खटला निकाली काढला. म्हणजे मूळ प्रश्नाचं अंतिम उत्तर तेव्हा मिळालंच नाही. त्याचा त्रास अजून होतो आहे, प्रश्न १५ पाहा.

१३. स्वतः देशभर हिंडायच्या, वकील झाल्या, आणि दुसऱ्या बायकांना घरी बसायला सांगायच्या. हा दुटप्पीपणा नाही का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. त्यांचं म्हणणं असं: स्त्रीने काम करू नये असं नाही, पण गृहिणी राहणं ही निवड कायद्याने आणि समाजाने कमी लेखू नये. स्वतःला त्या गृहिणीच म्हणवत आणि चळवळ हा छंद असल्याचं सांगत. ‘इथे येऊ दिल्याबद्दल मी फ्रेडचे आभार मानते’ अशा अर्थाने भाषण सुरू करत, आणि समोरच्या स्त्रीवादी चिडतात म्हणून मुद्दाम करते, हेही सांगत. मोहीम ऐन भरात असताना कायद्याचा अभ्यास करून १९७८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी पदवी घेतली.

तरीही विसंगती उरते. घरात मदतनीस, समजूतदार नवरा, पैशाची चणचण नाही: ही सोय त्यांच्या बहुतेक अनुयायी बायकांना नव्हती. ज्यांना नोकरी करावीच लागते त्यांच्या पगारातल्या तफावतीबद्दल त्यांचं उत्तर तोकडं होतं. पण त्यांना ‘पुरुषांची बाहुली’ म्हणणाऱ्यांनी त्यांना ओळखलंच नाही, आणि त्याची किंमत मोजली.

१४. भारतात अशी दुरुस्ती अशीच अडली असती का?

नसती. आपल्याकडे अनुच्छेद ३६८ नुसार मूलभूत हक्कांतल्या बदलाला संसदेच्या दोन्ही सभागृहांचं विशेष बहुमत पुरतं. निम्म्या राज्यांची संमती लागते ती केंद्र-राज्य अधिकारांसारख्या ठरावीक विषयांना. वस्तू व सेवा कराची दुरुस्ती २०१६ मध्ये म्हणूनच राज्यांकडे गेली.

त्याहून महत्त्वाचं: अनुच्छेद १५ लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतो आणि लगेच १५(३) मध्ये स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतूद करायची मोकळीक ठेवतो. समानता आली की संरक्षण जाईल, या श्लाफ्लीबाईंच्या मुख्य आक्षेपाला आपल्या घटनाकारांनी १९५० मध्येच उत्तर देऊन ठेवलं होतं. ईआरएत असं उपकलम नव्हतं.

१५. आता ३८ राज्यं झाली असं वाचलं. मग ईआरए लागू झाली का?

नेव्हाडाने २०१७ मध्ये, इलिनॉयने २०१८ मध्ये आणि व्हर्जिनियाने जानेवारी २०२० मध्ये मंजुरी दिली, आकडा ३८ झाला. पण मुदत १९८२ मध्येच संपलेली, आणि मागे घेतलेल्या मंजुऱ्या मोजायच्या का, हा वाद उभाच (प्रश्न १२). जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी आपल्या मते ती घटनेचा भाग झाल्याचं जाहीर केलं. पण दुरुस्ती अधिकृतपणे प्रसिद्ध करण्याचं काम राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रमुखांचं, आणि त्यांनी ती प्रसिद्ध केली नाही.

१६. त्यांना जे नको होतं ते तरी झालंच ना? मग जिंकल्या कुठे?

बरंचसं झालं, पण वेगळ्या वाटेने. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ पासून चौदाव्या घटनादुरुस्तीच्या (तिने सर्वांना कायद्याचं समान संरक्षण दिलं आहे) आधारे लिंगभेद करणारे कायदे एकेक करून रद्द केले. समलिंगी विवाह २०१५ मध्ये देशभर वैध झाला, लष्करातल्या लढाऊ जागा स्त्रियांना खुल्या झाल्या. दोन्ही त्यांच्या हयातीत. भरतीची सक्तीची नोंदणी फक्त पुरुषांची असावी हे मात्र न्यायालयाने १९८१ मध्ये वैध ठरवलं.

त्यांची टिकाऊ कमाई पक्षात दिसते. १९८० मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४० वर्षांचा ईआरएचा पाठिंबा जाहीरनाम्यातून काढला, आणि धार्मिक मतदार हा पक्षाचा कणा झाला.

१७. १९८२ नंतर काय केलं?

थांबल्या नाहीत. रेडिओवर भाष्य, वृत्तपत्रात स्तंभ, पुस्तकं. राज्यांच्या मागणीवरून नवी घटनापरिषद बोलवायच्या प्रयत्नांना त्यांनी कडाडून विरोध केला. यात उजव्या गटातलेच अनेक त्यांच्याविरुद्ध होते, पण घटना उघडून बसलो तर काय बाहेर पडेल सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं. मुक्त व्यापार करार आणि मोठ्या प्रमाणावरच्या स्थलांतरालाही विरोध. १९९२ मध्ये थोरला मुलगा समलिंगी असल्याचं उघड झालं. बाईंनी भूमिका बदलली नाही, मुलालाही अंतर दिलं नाही. तो आईच्याच संघटनेत काम करत राहिला. २००८ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने मानद पदवी दिली, तेव्हा काही विद्यार्थी आणि प्राध्यापक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

१८. शेवटी संघटनेत फूट का पडली?

मार्च २०१६ मध्ये त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला. ईगल फोरमच्या संचालकांपैकी अनेकांना उमेदवारीच्या शर्यतीतले त्यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ हवे होते. एप्रिलमध्ये सहा संचालक, त्यांत बाईंची स्वतःची मुलगी अ‍ॅन कोरी, एका बाजूला, आणि बाई व अध्यक्ष एड मार्टिन दुसऱ्या बाजूला, अशी उघड फूट पडली. संघटनेचं नाव, पैसा आणि पत्त्यांची यादी यांवरून प्रकरण न्यायालयात गेलं. पन्नास वर्षं जपलेली तीच यादी. निकाल लागण्याआधीच सप्टेंबरमध्ये बाई गेल्या. सेंट लुईसच्या कॅथेड्रलमध्ये झालेल्या अंत्यविधीला ट्रम्प आले आणि बोलले.